कप नव्हे, पूड मोजा: गरोदरपणातल्या चहा-कॉफीचा हिशेब

चाचणीच्या पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या त्या सकाळी मी नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला, "आता माझ्या चहाचं काय?" तो हसला. मला काही हसू आलं नाही. उठल्यावर एक, पोह्यांबरोबर एक, अकराला ऑफिसात कॉफी, चारचा चहा आणि घरी परतल्यावर "अर्धाच दे गं" म्हणत घेतलेला पाऊण कप, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

आठवडाभरात सल्ल्यांची रांग लागली. आई म्हणाली, कॉफी उष्ण पडते, आजपासून बंद. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही दिवसाला चार-चार कप प्यायचो, काही झालं का?" शेजारच्या काकूंनी आवाज खाली करून सांगितलं की चहा-कॉफीने बाळ काळं होतं, तू आपलं केशराचं दूध घे. आणि डॉक्टरांनी "चहा-कॉफी जरा कमी करा" म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कमी म्हणजे किती, हे मला कुणी सांगितलं नाही. ते शोधता शोधता जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते. काकूंचा मुद्दा मात्र आधीच निकालात काढू: बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो. चहाने तो काळवंडत नाही आणि केशराने उजळत नाही. केशराचं दूध आवडत असेल तर आवडीने प्या, एवढंच.

पहिली पायरी: २०० हा आकडा लक्षात ठेवा

कॅफिन म्हणजे चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य. गरोदरपणात दिवसभरात सगळं मिळून ते २०० मिलीग्रॅमच्या आत, असा सल्ला अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा देते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा पूर्वी ३०० होती, २००८ मध्ये ती २०० वर आणली. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेही २०१५ मध्ये हाच आकडा दिला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रोज ३०० मिलीग्रॅमच्या वर घेणाऱ्या गरोदर बायकांनी ते कमी करावं, म्हणजे गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका घटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत ३०० चा आकडा आहे, पण तो सर्वसाधारण माणसांसाठी. पोटात बाळ असेल तर २०० धरून चाला.

गरोदर बाईसाठी वेगळी मर्यादा कशाला, तर त्याचं कारण आपल्या यकृतात आहे. एरवी प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांत शरीरातून निघून जातं. गरोदरपणात ते मोडणारं विकर (एन्झाइम) मंदावत जातं आणि शेवटच्या तिमाहीत याच कामाला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे दुपारी चारला प्यायलेल्या चहातलं निम्मं कॅफिन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, नव्या चहाचं आधण ठेवताना, अंगात शिल्लक असू शकतं. ते वारेतून सहज पलीकडे जातं. बाळाकडे तर ते मोडण्याची सोयच नसते, त्यामुळे आईच्या रक्तातलं प्रमाण उतरेपर्यंत त्याचंही उतरत नाही.

मग थेट शून्यावरच का येऊ नये? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये रोज तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्या सुमारे १,२०० गरोदर बायकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची इन्स्टंट कॉफी दिली, दुसऱ्याला कॅफिन काढलेली. बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. उलट २०२१ मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत दिसलं की दिवसाला ५० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफिन घेणाऱ्यांची बाळं अजिबात न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी ६६ ग्रॅमने हलकी होती. ६६ ग्रॅम फार नाहीत, पण शून्यही नाहीत. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की बांधता येत नाही, तरी मी त्यातून एवढंच घेतलं: २०० ही कमाल मर्यादा आहे, रोज तिथवर पोचलंच पाहिजे असं नाही.

दिवस गेल्याचं कळायच्या आधी जे प्यायलं गेलं त्याचा घोर लावून घेऊ नका. हिशेब आजपासून.

ज्यांचे आधी गर्भपात झाले आहेत, रक्तदाब वाढलेला आहे, छातीत धडधडतं, किंवा बाळाची वाढ कमी असल्याचं सोनोग्राफीत दिसलं आहे, त्यांनी या लेखातला आकडा न धरता आपल्या डॉक्टरांचा धरावा.

दुसरी पायरी: स्वयंपाकघरातला काटा काढा

इंटरनेटवर "एक कप चहा म्हणजे इतकं कॅफिन" असे तक्ते ढिगाने सापडतात. ते बहुतेक परदेशातल्या चहाचे: कपात पिशवी बुडवली, तीन मिनिटांनी काढली, वरून दुधाचा थेंब. आपला चहा तसा होत नाही. आपण पातेल्यात पाणी, साखर, आलं आणि पूड घालून उकळतो, दूध घालून पुन्हा उकळतो, आणि मग तो चार कपांत, कधी पाव्हणे आले तर साडेपाच कपांत ओततो. कपाचा आकारही घरोघरी निराळा. त्यामुळे कप मोजून हाती काही लागत नाही. मोजायची ती पूड, कारण कॅफिन पुडीतून येतं. पाणी आणि दूध ते फक्त वाटून देतात.

कोरड्या चहापुडीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं. मधला आकडा धरला तर १ ग्रॅम पुडीत ३० मिलीग्रॅम. मी आमच्या डब्यातला चमचा काट्यावर ठेवून पाहिला. सपाट भरला की २ ग्रॅम, आणि शीग लावून भरला, म्हणजे मी रोज जसा भरत होते तसा, तर ३ ग्रॅमच्या वर. एका चमच्यात दीडपट फरक! तुमच्याकडे काटा नसेल तर चमचा सपाट करायला सुरीची मागची बाजू पुरते.

आता आमच्या घरचं उदाहरण. चार माणसं, चार कप, चार सपाट चमचे. म्हणजे ८ ग्रॅम पूड, साधारण २४० मिलीग्रॅम कॅफिन, माझ्या वाट्याला ६०. राष्ट्रीय पोषण संस्था १५० मिलीलिटरच्या कपाला ३० ते ६५ मिलीग्रॅम सांगते, त्यात हे बसतं. पण तेच चमचे शिगेचे असतील तर माझा वाटा ९० च्या पुढे जातो, आणि असे दोन कप प्यायल्यावर दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो. सासूबाईंचे चार कप आणि माझे दोन कप यांतला फरक तिथे पुसला जातो. त्यांचे कप बशीत ओतून पिण्याचे, लहानसे होते. माझा ऑफिसातला मग त्यातले दोन सहज गिळेल.

हिशेब करताना आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. दूध जास्त घातल्याने कॅफिन नाहीसं होत नाही, फक्त चहा पांढरा दिसतो. गाळणीतल्या चोथ्यावर नवी पूड घालून दुसरा चहा केला तर चोथ्यातलं उरलंसुरलं त्यात उतरतं. आणि ग्रीन टी हा त्याच झुडपाचा पाला आहे, त्यातही कॅफिन आहे. "मी हल्ली चहा सोडलाय, फक्त ग्रीन टी घेते, दिवसाला पाच कप" असं मला एका मैत्रिणीने अभिमानाने सांगितलं होतं, तेव्हा तिला हे कसं सांगावं कळेना.

चहा चहासारखा लागला पाहिजे आणि पूड तर कमी हवी, यावर माझा उपाय असा: पूड निम्मी करा, आलं आणि वेलची तेवढीच ठेवा, आणि आलं पाण्यात आधी दोन मिनिटं उकळू द्या. जीभ आल्याला भुलते. गवती चहाची दोन पाती टाकलीत तरी चालेल, वाटीभर पात्यांचा घट्ट काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मसाल्यात किंवा काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तो वगळा. फिनलंडमध्ये गरोदर बायकांना ज्येष्ठमधाचे पदार्थ टाळायला सांगतात, आणि आपल्याकडे तो सर्दी-खोकल्याच्या नावाखाली सहज पोटात जातो.

तिसरी पायरी: कॉफी कुठली, ते आधी पाहा

"कॉफी" या एका शब्दात चार वेगळी पेयं लपलेली असतात.

घरची इन्स्टंट कॉफी सगळ्यांत सोपी. २ ग्रॅमचा भरलेला छोटा चमचा घातला तर साधारण ६० मिलीग्रॅम. पाकिटावर चिकोरी लिहिलेली असेल तर त्याहून कमी, कारण चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे आणि त्यात कॅफिन नसतं. काही इन्स्टंट कॉफ्यांत ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी असते, काही शंभर टक्के कॉफीच्या असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. पण कोल्ड कॉफी करताना मिक्सरमध्ये "अंदाजे" तीन चमचे पडतात, तिथे हिशेब कोसळतो. आइस्क्रीम घातलं म्हणून ती सरबत होत नाही.

फिल्टर कॉफीचं गणित जास्त अवघड. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात किंवा कुणा तमिळ शेजारणीकडे मिळणारी ती स्टीलच्या पेल्यातली कॉफी दिसायला इवलीशी असते, पण खालचा काढा दाट असतो. कॉफीच्या कोरड्या पुडीत अरेबिका जातीची कॉफी असेल तर साधारण सव्वा टक्का कॅफिन, रोबस्टा जातीची असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट, आणि भारतात पिकणारी बहुतांश कॉफी रोबस्टा आहे. दहा ग्रॅम निव्वळ पूड एका पेल्याला लागली तर १२० ते २२० मिलीग्रॅम होऊ शकतं. चिकोरी मिसळलेली असेल, आणि आपल्या नियमांनुसार ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, तर तेवढ्या प्रमाणात कमी. ज्यांना फिल्टर कॉफीच हवी त्यांनी दिवसाला एक छोटा पेला घ्यावा आणि त्या दिवशी दुसरं काही घेऊ नये, असं मी म्हणेन. पोषण संस्थाही १५० मिलीलिटर गाळीव कॉफीला ८० ते १२० मिलीग्रॅम देते.

कॅफेतल्या कॉफीत शॉट मोजा, म्हणजे यंत्रातून काढलेला दाट कॉफीचा एकेक घोट. एका एस्प्रेसो शॉटला ६० ते ७५ मिलीग्रॅम धरा. कॅपुचिनो किंवा लाटे एका शॉटचीही असते, दोनचीही; काउंटरवर विचारलं की सांगतात आणि एकच घाला म्हटलं तर घालतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथल्या कपाच्या आकारापासून जपून राहावं. मोठ्या साखळी कॅफेतल्या मधल्या आकाराच्या साध्या कॉफीतही ३०० मिलीग्रॅमच्या वर कॅफिन निघतं, म्हणजे एका कपात दीड दिवसाचा कोटा.

चौथी कॅफिन काढलेली, डिकॅफ. त्यात अगदी थोडं कॅफिन उरतं, साधारण दोन-पाच मिलीग्रॅम, क्वचित जास्त. चवीसाठी तीच हवी असेल तर हा चांगला मार्ग आहे. आपल्याकडे किराणा दुकानात ती सहसा दिसत नाही, ऑनलाइन मिळते.

चौथी पायरी: कपाबाहेरचं कॅफिन

कोला पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० मिलीग्रॅम. पन्नास ग्रॅम साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये १० च्या आत, काळ्या चॉकलेटमध्ये २५ च्या आत. ही तशी किरकोळ मंडळी.

एनर्जी ड्रिंक मात्र पूर्ण बंद. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यात एका लिटरला ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. शिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी नाही असा इशारा त्यावर छापावा लागतो. वीस रुपयांना टपरीवर मिळतं म्हणून ते सरबताच्या रांगेत बसत नाही.

खरा धोका औषधांच्या डब्यात आहे. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये कॅफिन मिसळलेलं असतं. सॅरिडॉनमध्ये असतं. क्रोसिनच्या साध्या गोळीत नसतं, पण "पेन रिलीफ" लिहिलेल्या गोळीत असतं. आणि अर्धशिशीवरच्या काही गोळ्यांमध्ये, उदाहरणार्थ व्हॅसोग्रेनमध्ये, कॅफिनच्या जोडीला एर्गोटामाइन असतं. त्याने रक्तवाहिन्या आणि गर्भाशय आकुंचन पावतात, म्हणून गरोदरपणात ते वर्ज्य आहे. आधीपासून अर्धशिशी असणाऱ्यांच्या पर्समध्ये ही पट्टी हमखास असते. ती आज बाहेर काढा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा.

पाचवी पायरी: घड्याळ लावा

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक गरोदर बायका २०० मिलीग्रॅम ओलांडत नसतील. त्यांचं नुकसान होतं ते चहाच्या वेळेने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आणि चहा-कॉफीतली तुरट द्रव्यं जेवणातल्या लोहाला पोटातच पकडून ठेवतात. ते रक्तात उतरत नाही.

म्हणूनच पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत फार शहाणी आहे, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. आणि त्याच पोह्यांबरोबर वाफाळता चहा घ्यायची आपली पद्धत ते सगळं धुऊन टाकते. मला ही सवय मोडायला सगळ्यांत जड गेली. चहा कमी करणं सोपं होतं, पोह्यांशेजारचा कप उचलून ठेवणं नाही.

नियम साधा आहे: जेवण किंवा नाश्ता आणि चहा यांत एक तासाचं अंतर, दोन्ही बाजूंनी. लोहाची गोळी आणि चहा यांत दोन तासांचं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज मिळणारी लाल गोळी, जिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, ती किमान १८० दिवस घ्यायची असते. ती चहाच्या घोटाबरोबर गिळली तर निम्मी मेहनत वाया. लिंबूपाण्याबरोबर घ्या, किंवा घेतल्यावर आवळ्याची, पेरूची फोड खा. दुधाबरोबरही नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आणखी एक कुंपण. ती उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी काही नाही. लोहाची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी थायरॉइडचं प्रमाण नीट असावं लागतं, त्यामुळे इथे पाच मिनिटांची घाई करू नका.

माझा दिवस शेवटी असा बसला. सहाला थायरॉइडची गोळी. सातला चहा, एका सपाट चमच्याचा, दोन खारी बुडवून, कारण रिकाम्या पोटी नुसता चहा गेला की मळमळ उसळायची. साडेआठला पोहे किंवा उपमा, सोबत पाणी. अकराला ऑफिसात इन्स्टंट कॉफी, स्वतःच्या हाताने करून. एकला जेवण. चारला अर्धा कप चहा. रात्री जेवणानंतर दोन तासांनी लोहाची गोळी. बेरीज ६० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे १५०. उरलेले ५० मी शिलकीत ठेवायचे. अचानक कुणी आलं, कुणाकडे गेलो, बसस्थानकावर गाडी लांबली, तर त्यातून खर्च.

सहावी पायरी: एकदम तोडू नका

पाच कपांवरून एका झटक्यात शून्यावर आलात तर डोकं चढतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, पहिले दोन दिवस सगळ्यांत वाईट, आणि कुणाकुणाला आठवडाभर चालतं. सोबत चिडचिड, सुस्ती. पहिल्या तिमाहीच्या ओकाऱ्यांत ही भर कशाला? दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. सुरुवात संध्याकाळच्या कपापासून, कारण तो झोपही खातो. काहींना डोहाळ्यांत कॉफीचा वासच सोसवत नाही, त्यांचं काम आपोआप होतं.

एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगते. पाचवा महिना उलटल्यानंतर डोकं जोरात ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे आले, चेहरा-हात एकाएकी सुजले, पोटाच्या वरच्या भागात दुखलं, तर "चहा सुटला म्हणून असेल" असं समजून कपभर चहा पिऊन झोपू नका. ही रक्तदाब वाढल्याची, प्री-एक्लॅम्प्सियाची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखाना गाठा.

सातवी पायरी: माणसांना कसं सांगायचं

महाराष्ट्रात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. "घोटभर तरी घे" या वाक्यापुढे मी मी म्हणणारे हरतात. ओटीभरणाच्या दिवशी मी तीन घरची आमंत्रणं केली आणि तिन्ही घरी चहा. तेव्हा शिकले की "नको" म्हणण्यापेक्षा "मला ताक चालेल का?" म्हटलेलं बरं. यजमानीणबाईंना काहीतरी द्यायचं असतं, ते चहाच असायला हवं असं नाही.

अमृततुल्यचा चहा छोटा असतो पण सकाळपासून उकळत असतो आणि पुडीला हात आखडता नसतो. त्यातली पूड मोजणं आपल्या हाती नाही, म्हणून मी तो घरच्या पूर्ण कपाएवढा धरते. कटिंग असेल तर त्याच्या निम्मा. ऑफिसातल्या यंत्राच्या कपात काय पडतं ते त्या यंत्रालाच ठाऊक. तिथे गरम पाण्याचं बटण दाबा आणि पूड आपली न्या.

घरी चहाऐवजी काय, हे ज्याच्या त्याच्या जिभेवर. ताक, शहाळं, नाचणीची आंबील, कमी साखरेचं कोकम सरबत, आणि गारठ्यात गरम हवंच असेल तर गोव्याकडे आणि सारस्वत घरांत करतात तो धणे-जिऱ्याचा कषाय, दूध आणि गूळ घालून. कपात गरम, रंगाने चहासारखं, आणि कॅफिनचा पत्ता नाही. मला त्याने चारचा अर्धा कपही सुटला. अर्थात मधुमेह निघाला असेल तर गूळ आणि सरबत दोन्ही हिशेबात धरा. खरं तर तेव्हा चहातली प्रत्येकी दोन चमचे साखर हाच मोठा प्रश्न असतो.

बाळ झाल्यावर

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि "आता तरी पोटभर चहा पी" हे सगळं एकदमच येतं. थोडा धीर धरा. कॅफिन दुधात फार थोडं उतरतं, पण नवजात बाळाला ते निम्मं उतरवायलाच तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे रोज थोडं थोडं साठत जातं. अंगावर पाजणाऱ्यांसाठीही युरोपचा आकडा २०० चाच आहे. बाळ विनाकारण किरकिरं, झोप तुटक असेल तर आठवडाभर आपला चहा निम्मा करून पाहा. आणि लाल गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते, चहापासून दोन तास लांब.

आमच्या घरी चहाच्या डब्यातला तो चमचा अजून सपाटच भरला जातो. सासूबाईंनी सुरुवातीला "पाणचट" म्हणून नाक मुरडलं होतं. हल्ली त्याच कुणी शिगेचा भरला की डब्यात परत पाडतात.